तोंडाच्या कर्करोगातले हायपॉक्सिया मार्कर: रंगवायचे कसे, वाचायचे कसे

ओरल पॅथॉलॉजीच्या एमडीएससाठी किंवा पॅथॉलॉजीच्या एमडीसाठी हायपॉक्सिया मार्कर (गाठीतली ऑक्सिजनची टंचाई दाखवणारी प्रथिने) हा प्रबंधाचा विषय पुष्कळ जण निवडतात. ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) विभागातच असतात आणि अँटिबॉडी (प्रथिनाला नेमकी चिकटून ते रंगवायला मदत करणारी) विकत मिळते, त्यामुळे काम सोपे वाटते. अडचण येते ती साठ स्लाइड रंगवून झाल्यावर. हिफचा (हिफ-१ अल्फा या प्रथिनाचा) रंग सगळीकडे फिकट तपकिरी, दोन निरीक्षकांचे आकडे जुळत नाहीत आणि रुग्णांच्या जगण्याशी कसलाच संबंध लागत नाही. ही परिस्थिती बहुतेक वेळा टाळता येते. त्यासाठी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात हवी: या मार्करमध्ये रंग गाठीच्या कोणत्या भागात आणि पेशीच्या कोणत्या भागात आला, हे रंग किती टक्के आला याच्या आधी पाहायचे असते.

तीन प्रथिने, तीन स्वभाव

केशवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन ऊतीत साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी उपाशी राहतात, आणखी पुढे नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) दिसतो. थॉम्लिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात ही रचना मोजून दाखवली होती. ४० एक्सच्या लेन्सखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास साधारण अर्धा मिलिमीटर असतो. म्हणजे रक्तवाहिनीपासून वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके अंतर गेले की हायपॉक्सियाची हद्द सुरू झाली असे धरायला हरकत नाही. स्लाइड वाचताना ही डोळ्यातली पट्टी फार उपयोगी पडते.

हिफ-१ अल्फा हे प्रथिन पेशीत सतत तयार होत असते आणि ऑक्सिजन असेल तर सतत मोडले जाते. ऑक्सिजनच्या उपस्थितीत त्याच्या दोन प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट बसतो, व्हीएचएल प्रथिन ते ओळखते आणि प्रोटिआसोम (पेशीतली प्रथिने मोडणारी यंत्रणा) त्याची विल्हेवाट लावते. ऑक्सिजन मिळू लागला की त्याचे अर्धायुष्य जेमतेम पाच-आठ मिनिटांचे. टंचाईत ते साठते, केंद्रकात जाते आणि शेकडो जनुके चालू करते. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले ते याच यंत्रणेच्या शोधासाठी.

हिफने चालू केलेल्या जनुकांपैकी दोघांची प्रथिने आपल्या कामाची आहेत. कार्बोनिक अनहायड्रेझ नाइन, म्हणजे सीए नाइन, पेशीच्या पडद्यावर बसते आणि पेशीबाहेरची आम्लता वाढवते. ते टिकाऊ असते, दीड-एक दिवस सहज राहते. ग्लूट-१ ग्लुकोज आत ओढते आणि तेही पडद्यावरच असते. हिफ ही आत्ताची बातमी, तर सीए नाइन म्हणजे परवाचे वर्तमानपत्र. त्यामुळे एकाच सेक्शनमध्ये दोघांचे नकाशे तंतोतंत जुळले नाहीत तर घाबरायचे कारण नाही.

हिफ वाढायला ऑक्सिजनची टंचाईच लागते असेही नाही. ईजीएफआर किंवा पीआय३के-एकेटी-एमटॉर हे पेशीवाढीचे संदेशमार्ग जोरात असले तरी हिफ वाढते, आणि तोंडाच्या स्क्वॅमस कार्सिनोमात ईजीएफआर जोरात असणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून एकट्या हिफवर प्रबंध उभा करू नये. हिफ आणि सीए नाइन ही जोडी किमान हवी. ग्लूट-१ स्वस्तात होतो, तोही घ्यावा. व्हीईजीएफचा (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा) मोह टाळलेला बरा, कारण तो दाह, जखम, सगळ्यालाच उत्तर देतो.

ऑपरेशन थिएटर ते ब्लॉक

निम्मे काम इथेच बिघडते आणि ते नंतर कोणत्याही किटने दुरुस्त होत नाही. सर्जनने रक्तवाहिन्या बांधल्या की गाठीचा पुरवठा तुटतो, पण पेशी जिवंत असतात. त्या अवधीत हिफ नव्याने साठू शकते. उलट, नमुना तासन्‌तास कोरडा पडून राहिला तर प्रथिनेच विघटित होतात. नमुना बाहेर आल्यापासून फॉर्मलिनमध्ये जाईपर्यंतचा वेळ एका तासाच्या आत ठेवावा आणि तो मागणीपत्रावर लिहून घ्यावा. सिस्टरांशी आधी बोलून दोन रकाने छापून घेतले, ‘नमुना निघाला’ आणि ‘फॉर्मलिनमध्ये टाकला’, की पुढचे वाद वाचतात.

जुन्या ब्लॉकवर काम करणार असाल तर ही वेळ कळणार नाही. मग निदान बायोप्सीचे ब्लॉक आणि रिसेक्शनचे ब्लॉक एकत्र मिसळू नका. लहान बायोप्सी मिनिटांत स्थिर होऊ लागते, पण तिथे भुलीच्या इंजेक्शनमधल्या अॅड्रिनलिनने वाहिन्या आकुंचित झालेल्या असू शकतात. कमांडो ऑपरेशनचा (गाठ, जबड्याचा भाग आणि मानेतले लिम्फ नोड एकत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेचा) मोठा नमुना मध्यभागी तासन्‌तास कच्चा राहतो. दोघांच्या टक्केवारीची तुलना करणे चूक आहे.

फॉर्मलिन बफर केलेलेच हवे. एक लिटरसाठी: ३७–४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिलि, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नमुन्याच्या किमान दहापट द्रव घ्यावा. नमुना मोठा असेल तर गाठीला एक काप देऊन ठेवावा, मात्र मार्जिनला शाई लावून आणि सर्जनला विचारूनच. मुदत ६ ते ७२ तास. शनिवारचा नमुना मंगळवारी ग्रॉसिंगला (कापून तुकडे निवडायला) येतो, तो याच मुदतीच्या कडेवर बसलेला असतो.

जबड्याच्या हाडासह आलेल्या नमुन्यातून अभ्यासासाठी मऊ भागाचा ब्लॉक घ्यावा. नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्लात डिकॅल्सिफाय केलेले ब्लॉक वगळावेत, आम्लाने अँटिजेन मार खातो. केमो किंवा रेडिएशन घेऊन मग शस्त्रक्रिया झालेले रुग्णही वगळावेत.

कोणता ब्लॉक निवडायचा? एच अँड ई (नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाच्या) स्लाइड सगळ्या काढून बसा. ज्यात गाठीचा मधला भाग आणि आत घुसणारी खोल कड दोन्ही आहेत, तो पहिला. लगतची श्लेष्मल त्वचा असेल तर सोन्याहून पिवळे. नेक्रोसिस असेल तर त्याची नोंद करा. तो टाळू नका आणि मुद्दाम शोधतही बसू नका, नाहीतर निवडीतच पक्षपात शिरतो. टिश्यू मायक्रोअॅरेचा (अनेक गाठींचे बारीक कोअर एकाच ब्लॉकमध्ये बसवण्याचा) मोह होतो, पण ०.६ मिमीचा एक कोअर म्हणजे जेमतेम एक बेट (कर्करोगपेशींचा पुंजका). हायपॉक्सिया तुकड्यातुकड्यांत असतो. पूर्ण सेक्शन घेणे चांगले. अॅरे करायचाच तर एका गाठीतून किमान तीन कोअर, मध्यातून आणि कडेवरून.

आपल्याकडची एक वेगळी बाब. तंबाखू-चुना खालच्या गालफडात धरण्याच्या सवयीने गाल आणि हिरडीच्या सांध्यातले कर्करोग जास्त दिसतात, आणि सुपारी, गुटखा खाणाऱ्यांत त्यामागे सबम्यूकस फायब्रोसिस असतो. (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, ओपीडीत ती फारशी जाणवत नाही.) फायब्रोसिसच्या पुढच्या टप्प्यात एपिथेलियमखालचा थर घट्ट होतो, वाहिन्या चिमटतात, आणि कर्करोग नसलेल्या एपिथेलियममध्येही हिफ वाढलेले आढळते. म्हणून अशा रुग्णांची नोंद स्वतंत्र रकान्यात ठेवा आणि त्यांच्या लगतच्या त्वचेला ‘नॉर्मल कंट्रोल’ म्हणू नका.

सेक्शन आणि अँटिबॉडी

जाडी ३ ते ४ मायक्रॉन. स्लाइड चार्ज्ड किंवा सिलेनचा थर दिलेली हवी. साध्या स्लाइडवर अंड्यातला पांढरा भाग लावून आयएचसी (अँटिबॉडीने रंगवणे) होत नाही. केराटिन पर्ल (केराटिनचे गोल पुंजके) असलेले सेक्शन रिट्रीव्हलमध्ये (गरम बफरमध्ये अँटिजेन उघडे करण्याच्या पायरीत) हमखास उचकटतात, त्यासाठी स्लाइड ६० अंशांवर एक तास किंवा ३७ अंशांवर रात्रभर वाळवाव्यात. कापून महिनोन्‌महिने ठेवलेल्या सेक्शनमध्ये रंग फिका पडतो, तेव्हा कापणे आणि रंगवणे यांत काही दिवसांचेच अंतर ठेवा. एका ब्लॉकमधून सलग सेक्शन काढून त्याच क्रमाने एच अँड ई, हिफ, सीए नाइन, ग्लूट-१ आणि निगेटिव्ह कंट्रोल असे नंबर टाका. तेच बेट चारही स्लाइडवर शोधता येणे हा या अभ्यासाचा अर्धा आनंद आहे.

अँटिबॉडी घेताना ती पॅराफिन सेक्शनसाठी चालते का, एवढे आधी पाहा. वेस्टर्न ब्लॉटला उत्तम चालणारी हिफची अँटिबॉडी पॅराफिनवर निरुपयोगी ठरू शकते. प्रकाशित कामांत हिफसाठी ‘एच१अल्फा६७’ आणि सीए नाइनसाठी ‘एम७५’ हे क्लोन (अँटिबॉडीचे ठरावीक वाण) वारंवार दिसतात.

खरेदीआधी हिशेब करा. १:१०० विरलन आणि स्लाइडमागे १५० मायक्रोलिटर धरले तर १०० मायक्रोलिटरच्या कुपीतून १० मिलि, म्हणजे ६६ स्लाइड होतात. साठ केसेस, प्रत्येक बॅचचा कंट्रोल, विरलनाच्या चाचण्या आणि दहा टक्के पुन्हा कराव्या लागणाऱ्या स्लाइड मिळून नव्वदीच्या घरात जातात. हायड्रोफोबिक पेनने सेक्शनभोवती रिंगण काढले की १०० मायक्रोलिटरमध्ये भागते आणि एक कुपी पुरते. अर्ध्यावर लॉट (उत्पादनाची खेप) बदलला तर रंगाची तीव्रता बदलते, म्हणून लागेल तेवढी अँटिबॉडी एकाच लॉटची घ्या.

विरलन कंपनीच्या पत्रकावरून थेट उचलू नये. १:५०, १:१००, १:२००, १:४०० अशा चार स्लाइड एकाच पॉझिटिव्ह ऊतीवर लावा आणि पार्श्वभूमी स्वच्छ असताना खरा रंग ठळक दिसतो ती पायरी घ्या.

पॉझिटिव्ह कंट्रोल: सीए नाइनला मूत्रपिंडाचा क्लिअर सेल कार्सिनोमा अतिशय चांगला, पडद्यावर खोक्यासारखा रंग येतो. जठराची श्लेष्मल त्वचाही चालते. हिफला हाच क्लिअर सेल ब्लॉक डोळे झाकून वापरू नका, कारण यातल्या काही गाठी फक्त हिफ-२ अल्फा बनवतात. नेक्रोसिसभोवती केंद्रकात रंग देणारा एखादा ब्लॉक आधी तपासून हिफचा कायमचा कंट्रोल ठरवा. ग्लूट-१ ला वेगळा कंट्रोल नसला तरी चालते: सेक्शनमधल्या लाल रक्तपेशी आणि मज्जातंतूचे पेरिन्यूरियम रंगलेच पाहिजेत. ते रंगले नसतील तर ती स्लाइड बाद.

रंगवण्याचा क्रम

झायलिनचे दोन-तीन बदल, प्रत्येकी पाच मिनिटे. मग १००, ९५, ७० टक्के अल्कोहोल आणि पाणी. यापुढे सेक्शन एकदाही वाळू द्यायचा नाही.

रिट्रीव्हलसाठी दोन बफर तयार ठेवा. सायट्रेट, पीएच ६: ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम एक लिटर पाण्यात, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ६.० वर आणा, ट्वीन-२० अर्धा मिलि. ट्रिस-ईडीटीए, पीएच ९: ट्रिस १.२१ ग्रॅम, ईडीटीए ०.३७ ग्रॅम, एक लिटर, ट्वीन तेवढेच. ग्लूट-१ आणि सीए नाइन सायट्रेटवर सहसा निभावतात; हिफला पीएच ९ वर अधिक उजळ उत्तर मिळते असा बऱ्याच प्रयोगशाळांचा कल आहे. दोन्ही करून पाहा. प्रेशर कुकरमध्ये बफर आधी उकळवा, मग स्लाइड सोडा, पूर्ण दाब आल्यावर दोन ते तीन मिनिटे. त्यानंतर त्याच बफरमध्ये २० मिनिटे निवू द्या. घाईने नळाखाली धरले तर सेक्शन निघतात.

पेरॉक्सिडेज ब्लॉक: ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग, पाणी किंवा मिथेनॉल नऊ भाग, दहा मिनिटे. वॉश बफर म्हणून ट्रिस ६.०५ ग्रॅम आणि मीठ ८.७६ ग्रॅम प्रति लिटर, पीएच ७.६, त्यात ०.०५ टक्के ट्वीन. प्रत्येक टप्प्यानंतर तीन वॉश. मग प्रोटीन ब्लॉक दहा मिनिटे. हा झटकायचा, धुवायचा नाही. प्रायमरी अँटिबॉडी ओलसर डब्यात खोलीच्या तापमानाला एक तास किंवा ४ अंशांवर रात्रभर. हिफला रात्रभरचा पर्याय अधिक भरवशाचा. त्यानंतर पॉलिमर-एचआरपी (पुढे रंग आणणारे एन्झाइम जोडलेला पॉलिमर) ३० मिनिटे. बायोटिनवर चालणारी जुनी किट टाळा.

डीएबीसाठी (तपकिरी रंग देणाऱ्या रसायनासाठी) घड्याळ आणि मायक्रोस्कोप दोन्ही हवेत. पॉझिटिव्ह कंट्रोल भिंगाखाली धरून वेळ ठरवा, सहसा ५ ते १० मिनिटे, आणि मग बॅचमधल्या सगळ्या स्लाइडना सेकंदासह तीच वेळ द्या. डीएबी कर्करोगकारक असण्याचा संशय आहे. हातमोजे घाला आणि ते सिंकमध्ये ओतू नका. शेवटी हिमॅटॉक्सिलिन, तेही हलके, अर्धा मिनिट. हिफचा रंग केंद्रकात असतो, गडद निळ्याखाली तो दिसेनासा होतो. ही एक चूक कितीतरी ‘निगेटिव्ह’ केसेसच्या मुळाशी असते. मग निर्जलीकरण, झायलिन, डीपीएक्स.

रंग बिघडला की शोध उलट्या दिशेने घ्यायचा. कंट्रोलसकट सगळेच कोरे असेल तर डीएबी किंवा पॉलिमर पाहा. बफरमध्ये सोडियम अझाइड घातले असेल तर एचआरपी बंद पडते. कंट्रोल चांगला आणि केस कोरी असेल तर फिक्सेशनचा संशय घ्या किंवा ती केस खरोखर निगेटिव्ह असेल. सेक्शनच्या फक्त कडा गडद असतील तर मधे केव्हातरी सेक्शन वाळला. केराटिन, नेक्रोसिस आणि घडी पडलेली जागा नेहमीच खोटा रंग धरतात, त्या मोजायच्याच नाहीत. मेलानिनही तपकिरी असते; हिरडी आणि गालाच्या आतल्या भागात आपल्याकडे ते भरपूर असते, म्हणून निगेटिव्ह कंट्रोलची स्लाइड शेजारी ठेवून बघा.

वाचन

आधी ४ एक्सवर संपूर्ण स्लाइड फिरा, आकडा लिहू नका. फक्त ठरवा: रंग नेक्रोसिसच्या आणि बेटांच्या मध्याभोवती आहे की सगळीकडे सारखा पसरला आहे? पहिला नमुना ऑक्सिजन-टंचाईचा. दुसरा बहुधा वाढीच्या संदेशमार्गांचा, विशेषतः त्याच जागी सीए नाइन कोरे असेल तेव्हा. ग्लूट-१ मध्ये हा फरक आणखी स्पष्ट असतो. काही बेटांत स्ट्रोमाला (बेटांमधल्या आधार-ऊतीला) चिकटलेल्या बाहेरच्या पेशी रंगतात, काहींत आतल्या. बाहेरचा रंग टंचाई दाखवत नाही. सामान्य एपिथेलियमचा बेसल थरही ग्लूट-१ धरतो. आतला रंग, वाहिन्यांपासून दूरचा, तो आपल्या कामाचा. ही पॅटर्नची नोंद टक्केवारीआधीचा रकाना म्हणून ठेवा. बहुतेक प्रबंधांत हा रकानाच नसतो.

मग मोजणी. हिफमध्ये फक्त केंद्रक. सायटोप्लाझमचा रंग कितीही देखणा असला तरी तो धरायचा नाही. काही अभ्यासांनी तो धरला आणि म्हणून आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सीए नाइन आणि ग्लूट-१ मध्ये पडदा. पाच क्षेत्रे घ्या, पण ‘सर्वात जास्त रंगलेली पाच’ की ‘कुठलीही पाच’ हे आधीच लिहून ठेवा, आणि मध्य व कड वेगळे मोजा. रेमेले आणि स्टेग्नरची गुणपद्धत नवख्यांना सोपी: टक्केवारीला ० ते ४ (रंग नाही, १० पेक्षा कमी, १० ते ५०, ५१ ते ८०, ८० पेक्षा जास्त), तीव्रतेला ० ते ३, आणि दोन्हींचा गुणाकार ० ते १२.

दोन निरीक्षक, दोघांनाही रुग्णाचे पुढे काय झाले ते माहीत नको. पहिल्या वीस स्लाइडनंतर थांबून कप्पा (दोघांचे गुण किती जुळतात हे सांगणारा सांख्यिकी अंक) काढा. ०.६ च्या खाली असेल तर एकत्र बसून निकष घासा आणि मग पुन्हा सुरुवात करा.

प्रोग्नोसिसचे गणित

इथे उत्साहाला लगाम लागतो. साठ रुग्णांपैकी चोवीस दगावले असतील तर तुमच्याकडे घटना चोवीसच आहेत, साठ नव्हेत. कॉक्स मॉडेलमध्ये (जगण्याच्या काळाच्या सांख्यिकी विश्लेषणात) एका घटकामागे दहाएक घटना हव्यात, या ढोबळ नियमाने दोनच घटक बसतात: मार्कर आणि आणखी एक. वय, लिंग, ग्रेड, तंबाखू असे आठ घटक कोंबले की संगणक आकडे देतो, पण त्यांना अर्थ नसतो.

दुसरा घटक स्टेज असावा, आणि तो एजेसीसीच्या (कर्करोगाचे स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) आठव्या आवृत्तीनुसार. २०१८ पासून लागू झालेल्या या आवृत्तीत घुसण्याची खोली ५ आणि १० मिमीच्या टप्प्यांवर टी (मूळ गाठीची पायरी) ठरवते, आणि लिम्फ नोडच्या कवचाबाहेरचा प्रसार एन (नोडची पायरी) बदलतो. जुन्या रिपोर्टमध्ये खोली नसेल तर एच अँड ई वर पुन्हा मोजा.

कटऑफ आधी ठरवा. निकाल पाहून १०, २०, ३० टक्के करत जिथे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते तिथे थांबणे ही या क्षेत्रातली सर्वात सामान्य लबाडी आहे, आणि ती बहुतेक वेळा नकळत होते. मध्यांक घ्या किंवा आधीच्या प्रसिद्ध कामातला कटऑफ घ्या, आणि तो सिनॉप्सिसमध्ये लिहून टाका. रिमार्क ही ट्यूमर मार्करच्या अभ्यासांसाठीची २००५ ची मार्गदर्शक सूची छापून भिंतीवर लावली तर यातले बरेचसे आपोआप सांभाळले जाते.

निकाल उलटा आला तर? येऊ शकतो. २००१ मध्ये ऑरोफॅरिंक्सच्या, रेडिओथेरपी घेतलेल्या रुग्णांत हिफ जास्त म्हणजे परिणाम वाईट असे दिसले. २००२ मध्ये डोके-मान कर्करोगाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, आणि २००५ मध्ये जिभेखालच्या भागातल्या सुरुवातीच्या गाठींत, हिफ जास्त असणाऱ्यांचे चांगले चालले. यात उपचाराचा वाटा असणार हे उघड आहे: टंचाईतल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट रेडिएशन लागते, सर्जनच्या सुरीला मात्र ऑक्सिजनशी देणेघेणे नाही. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया आहे. नंतरची रेडिओथेरपी मागे राहिलेल्या सूक्ष्म पेशींवर असते. तुम्ही जी हायपॉक्सिक गाठ रंगवली ती तर बादलीत गेली. म्हणून फक्त शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन असे गट वेगळे पाहा. हिमोग्लोबिनचा आकडाही नोंदवा, आपल्या रुग्णांत तो बऱ्याचदा कमी असतो.

रिपोर्टमध्ये काय लिहायचे

रुग्णाच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये हे मार्कर घालू नयेत, कारण त्यावरून तोंडाच्या कर्करोगाचा उपचार बदलत नाही. डेन्मार्कच्या डाहांका-५ चाचणीत (१९९८) निमोराझोल या हायपॉक्सिया-विरोधी औषधाने रेडिओथेरपीला बळ मिळाले, पण ते रुग्ण सुप्राग्लॉटिक लॅरिंक्स आणि फॅरिंक्सचे होते. मार्जिन, खोली, पेरिन्यूरल घुसखोरी आणि नोड यांवरच ट्यूमर बोर्ड निर्णय घेतो.

प्रबंधात मात्र प्रत्येक केससमोर एवढे असावे: क्लोन, लॉट, विरलन, रिट्रीव्हलचा पीएच, डीएबीची वेळ, मध्य आणि कड यांचे वेगळे गुण, पॅटर्न आणि सीए नाइनशी जुळणी. उदाहरणार्थ: ‘हिफ केंद्रकात, मध्य ६, कड २, पेरिनेक्रोटिक (नेक्रोसिसभोवती), सीए नाइन त्याच बेटांत पडद्यावर पॉझिटिव्ह, ग्लूट-१ आतला नमुना, लाल पेशी रंगलेल्या.’ बाद केलेल्या स्लाइड किती आणि का, हेही त्याच तक्त्याखाली लिहा. परीक्षक पहिला प्रश्न तिथूनच विचारतात.